शाबासकी हे मालकाचं देणंच आहे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात, मलकापूर-बांबवड्याच्या बाजारपेठेत, आंबा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या हॉटेलांत मालकांची एक तक्रार कायम असते : माणसं टिकत नाहीत. पोरगं जरा हाताखाली तयार झालं की शिरोलीच्या एमआयडीसीत जातं, नाहीतर मुंबई गाठतं. तक्रार खरी आहे. पण कामाची कदर करा, चांगल्या कामाला चांगलं म्हणा, असं सुचवलं की जी उत्तरं मिळतात, ती मात्र टिकणारी नाहीत.

पहिलं उत्तर : “पगार देतो की! वर कौतुक कशाला?” पगार ठरतो तो तासांचा आणि हजेरीचा. लहान दुकानाचं काम त्यात कधीच मावत नाही. कुणाची उधारी किती थकली, कोणत्या घरी कोणता तांदूळ जातो, हे किराणा दुकानातला माणूस डोक्यात ठेवतो. मालक लग्नाकार्याला गेला की गल्ला सांभाळतो. जुलैच्या धुवाधार पावसात एसटी चुकली तरी वाडीवरून चालत येऊन शटर उघडतो. हे कुणी ठरवून घेतलेलं नसतं, पण धंदा चालतो तो याच्यावर. ज्याचे पैसे ठरलेले नाहीत ते काम रोज घ्यायचं आणि त्याची साधी दखलही घ्यायची नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे.

दुसरं उत्तर : “कौतुक केलं की डोक्यावर बसतात, पगार वाढवून मागतात.” मागू देत की. काम वाढलं, हात बसला, तर पगार वाढायलाच हवा. मालक गप्प राहिला म्हणून माणसाला आपली किंमत कळायची राहत नाही. शेजारच्या दुकानदारालाही ती कळलेली असते. ज्याला मोकळेपणानं मागता येतं तो समोर बसून बोलतो. ज्याला येत नाही तो दिवाळीनंतर परतच येत नाही.

तिसरं उत्तर ऐकायला गोड आहे : “आमच्याकडे सगळं घरच्यासारखं.” मग रोपलावणीला दोन दिवस मागितले की कपाळाला आठ्या का पडतात? आजारपणाचा खाडा का कापला जातो? दिलेली उचल चार गिऱ्हाइकांसमोर का बोलून दाखवली जाते? जादा काम घेताना घरचा आणि सुट्टी देताना नोकर, असं नातं कुठल्याच घरात नसतं.

चौथा आक्षेप कामगारांच्या बाजूचा आहे आणि तोच सर्वांत वजनदार आहे : कौतुकानं पोट भरत नाही. हे शंभर टक्के मान्य. अर्धा पगार देऊन पाठ थोपटणं ही फसवणूकच आहे. मिठाईचा पुडा थकलेल्या पगाराची भरपाई करत नाही. पण यातून कौतुक नकोच, असं निघत नाही. कौतुक हिशेबात धरलं पाहिजे, एवढंच निघतं.

ते कसं धरलं जातं, हे बोनसच्या इतिहासात दिसतं. मुंबईच्या गिरण्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात बोनस द्यायला सुरुवात केली ती स्वखुशीनं. पुढे तो थांबवल्यावर १९२४ साली दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश मॅक्लिओड यांच्या समितीनं निकाल दिला की बोनसवर कामगारांचा हक्क नाही. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणानं मिलमालक आणि कामगार यांच्यातल्या वादात बोनसचं सूत्र ठरवलं आणि तो मालकाच्या मर्जीचा विषय राहिला नाही. १९६५ साली बोनसचा कायदाच झाला. आज किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. मालकांनी जी मेहरबानी मानली होती, ते कष्टाचं येणं होतं, हे समजायला जवळजवळ अर्धशतक लागलं.

पैशाइतकाच मान लागतो, आणि तो चारचौघांत लागतो. याचा धडा कोल्हापूरनंच दिला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला असलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला, सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजला. बंद दाराआडच्या सांत्वनानं जे साधलं नसतं, ते उघड्यावरच्या त्या चहानं साधलं.

म्हणून लहान धंद्यातली कदर ठोस असावी. पगाराची तारीख चुकू नये. आठवड्याची सुट्टी न मागता मिळावी. दिवाळीचा बोनस आधी सांगून, हिशेब दाखवून द्यावा. कौतुक नेमक्या कामाचं करावं : “काल तू जुनी वही काढून उधारी जुळवलीस म्हणून भांडण टळलं.” गिऱ्हाइकाला ओळख करून देताना माणसाचं नाव घ्यावं. चूक एकट्यात सांगावी, शाबासकी सर्वांसमोर द्यावी. माल भरताना त्याचा सल्ला विचारावा. यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

मूळ बोनस कायदा साधारणपणे वीस माणसांच्या आस्थापनेपासून, ग्रॅच्युइटीचा दहा माणसांपासून लागू झाला. शाहूवाडीतली बहुतेक दुकानं, गॅरेजं, खानावळी तीन-चार माणसांवर चालतात. तिथवर हे कायदे पोचत नाहीत. पण कायदा पोचला नाही म्हणून देणं बुडत नाही. ते मालकाच्या नावावर तसंच उभं राहतं, आणि ते फेडायची जबाबदारी फक्त त्याचीच असते.