वायंगणाची वेळ टळू नये

तुळशीची लग्ने आटोपली. सरदाचे भात वाळून घरात आले, दिवाळीचे पोहेही खाऊन झाले. पहाटे दंव पडू लागले आहे. कापणी झालेल्या शेतांत अद्याप ओल आहे. गोमंतकातील शेतकऱ्याला पूर्वी या दिवसांत उसंत म्हणून नसे. सरद पदरात पडते न पडते तोच वायंगणाची नांगरट सुरू होई. आज गावोगावच्या शेतांवर नजर टाकली तर काय दिसते? भाताची धसकटे उभी आहेत आणि त्यांवर मोकाट गुरे चरत आहेत. यांपैकी बहुतेक शेते आता मृगापर्यंत अशीच पडून राहणार. वर्षाचे आठ महिने जमीन निजवून ठेवायची आणि शेती परवडत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, ही आपली रीत होऊन बसली आहे.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यातील पुष्कळसे पाणी समुद्राला मिळते. जे जमिनीत उरते ती ओल हेच हिवाळी पिकाचे भांडवल. हे भांडवल बँकेतील ठेवीसारखे वाढत नाही, दिवसागणिक आटत जाते. कापणीनंतर आठ-दहा दिवसांत नांगर फिरवला तर त्या ओलीवर चवळी, कुळीथ, मूग, उडीद यांचे बी सहज रुजते. तोच नांगर महिनाभराने फिरवला तर ढेकळे निघतात. कुळथाला तर पाणी जवळजवळ लागतच नाही. शिवाय कडधान्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत साठवतात, त्याचा लाभ पुढच्या सरदाला मिळतो. म्हणजे हिवाळ्यात पेरलेल्या अळसांद्याने नुसती उसळच मिळते असे नव्हे, पावसाळी भाताच्या खताचा खर्चही थोडा हलका होतो.

सर्वच जमिनीत वायंगण होते असे आमचे म्हणणे नाही. खाजनात पाऊस सरला की खारेपणा वर येतो. तेथे कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पावसाळ्यात घ्यावे, हिवाळ्यात हट्ट धरू नये. परंतु झऱ्याचे, ओहळाचे किंवा विहिरीचे पाणी जवळ असलेल्या जमिनी गोव्यात थोड्या नाहीत. तेथे पाणी पुरेसे असेल तर जया, ज्योती यांचे दुसरे भात घ्यावे, आणि बेताचे असेल तर भाजीपाला करावा. आगशी आणि ताळगावची वांगी नावाजली गेली ती याच हिवाळी मळ्यांमुळे. वांगी-मिरचीचे तरवे आधीच तयार ठेवले, कापणी होताच वाफे पाडले, कुजलेले शेणखत आणि चुलीतील राख मिसळली आणि चार-पाच आठवड्यांची रोपे लावली, तर पौषापासून तोडा सुरू होतो. तांबडी भाजी महिन्याभरात ताटात येते, मुळा दीड महिन्यात. हे ज्ञान कोणत्याही शेतकी खात्याने येऊन शिकवावे असे नाही. आपल्या आज्या काकडीचे बी राखेत घोळून जपून ठेवीत आणि चांगले पहिले वांगे बियाण्यासाठी झाडावरच पिकू देत.

मग अडते कोठे? मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, मुले नोकरीला गेली, ही कारणे खरी आहेत. माकडे, रानडुकरे आणि गवे यांचा उपद्रवही खोटा नाही. परंतु आमच्या मते मूळ अडचण निराळी आहे. सरदाची शेती एकेकट्याने होऊ शकते, वायंगणाची होत नाही. पावसाळ्यात सगळेच पेरतात, म्हणून सगळेच गुरे बांधतात. हिवाळ्यात शंभर शेतांपैकी पाच शेतांतच कोणी पेरले, तर उरलेल्या पंचाण्णवांत चरणारी गुरे त्या पाचांत शिरणारच. त्या पाच जणांनी कुंपणाला किती खर्च करावा आणि रात्री किती जागाव्यात? दोन वर्षे नुकसान सोसून ते पाचही थांबतात. पाण्याचेही तसेच. ओहळावरचा बांध एकाच्या बळाने उभा राहत नाही. मातीचा असो की वसंत बंधारा असो, फळ्या वेळेवर बसल्या नाहीत तर पाणी वाहून जाते, आणि मागाहून बसवलेल्या फळ्या कोरड्या ओहळाची राखण करीत बसतात.

जुन्या गावकारीकडे हे काम होते. बांध घालणे, मानशी सांभाळणे, पाणी वाटणे हे गावाच्या ठरावाने चाले. त्या व्यवस्थेचे पोवाडे गाण्याचे कारण नाही. तिच्यात गावकराचा मान होता आणि कसणाऱ्याच्या वाट्याला बहुधा घामच येत असे. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा धनी केले, हा न्यायच झाला. परंतु जमीन वाटली गेली तशी जबाबदारी वाटली गेली नाही. बांध-मानशींचा भार कूळ संघांवर आला. त्यांपैकी काही संघ चांगले चालले, पुष्कळ नावापुरते उरले. जमिनीला मालक मिळाला, पण वायंगणाला वाली उरला नाही.

याची किंमत आपण रोज बाजारात मोजतो. गोव्याच्या घरांतील भाजी बव्हंशी बेळगावहून घाट उतरून येते. बेळगावचा शेतकरी कष्ट करतो आणि आपल्याला खाऊ घालतो, त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. परंतु मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, सीमा बंद झाल्या आणि भाजीच्या गाड्या घाटापलीकडे अडकल्या, तेव्हा काय झाले ते आठवावे. शहाणीसुरती माणसे चार कांद्यांसाठी पहाटेपासून रांगेत उभी होती. त्या वर्षी कितीतरी तरुणांनी पडीक शेतात कुदळ घातली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांतील बऱ्याच कुदळी पुन्हा कोपऱ्यात गेल्या.

यावर उपाय फार मोठे नाहीत, पण ते वेळेवर व्हायला हवेत. प्रत्येक ग्रामसभेने कापणीपूर्वीच, आश्विनात, कोणत्या शेतपट्ट्यात वायंगण व्हायचे ते ठरवावे. तो पट्टा सलग असावा, म्हणजे कुंपणही एकच लागेल आणि राखणही एकच. त्या पट्ट्यात गुरे सोडणार नाही हा गावाचा शब्द असावा, आणि तो मोडणाऱ्यासाठी कोंडवाडा असावा. बंधाऱ्यांच्या फळ्या पाऊस ओसरताच बसवाव्यात. साळावली, अंजुणे, तिळारी यांच्या कालव्यांची डागडुजी पेरणीच्या हंगामाआधी उरकावी. पीक उभे असताना कालवा बंद ठेवणे म्हणजे जेवायला बसलेल्याच्या पुढचे ताट ओढून घेणे आहे. बियाणे मार्गशीर्षात वाटून उपयोग नाही, ते नवरात्रात हाती पडले पाहिजे. आणि पिकलेली भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर आधी गावाची चढावी, मग घाटावरची.

एक धोका स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकू नये असा कायदा २०२३ साली झाला. कायदा हवाच होता. पण कायदा विक्री अडवू शकतो, पेरणी करू शकत नाही. जी जमीन आठ महिने पडीक दिसते ती पुढे बारा महिने पडीक राहते, आणि बारा महिने पडीक असलेल्या जमिनीत शेत पाहणारा डोळा उरत नाही, तेथे भूखंडच दिसू लागतो. हिरवा वाफा हा शेतजमिनीचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्याकडे परसू आहे. विहिरीच्या काठी दोन वाफे आणि न्हाणीच्या पाण्यावर चार मिरच्या एवढे तर कोणालाही साधेल. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी मात्र शेजाऱ्याला आजच विचारावे, 'तुम्ही पेरता का? मग मीही पेरतो.' गोव्यातील वायंगणाचे भवितव्य या एका प्रश्नावर आणि त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. ओल अजून आहे, फार दिवस राहणार नाही.