विदर्भ एक्सप्रेसची दोन टोकं

मागच्या शनिवारी मुंबईत एक काम होतं. ते दुपारीच आटोपलं आणि गोंदियाची गाडी संध्याकाळची. मग काय, कॅमेरा काढला आणि गिरगावात खोताची वाडी बघायला गेलो.

तुम्ही गेला नसाल तर एकदा जाच. चर्नी रोडला उतरून थोडं चालायचं, मोठ्या रस्त्यावरून एका बोळात शिरायचं, की ट्रॅफिकचा आवाज एकदम कमी होतो. दोन्ही बाजूंना लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिने असलेली, उतरत्या छपरांची घरं. पाठारे प्रभू आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची ही वाडी. बहुतेक घरं एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्याच काळातली. एकेकाळी साठच्या वर होती म्हणे, आता निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. मागे टॉवर डोकावतायत. एका छपरावर निळी ताडपत्री होती. ती फ्रेममध्ये येऊ नये म्हणून मी दोन पावलं सरकलो आणि तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"उद्या येतेस ना? त्या करारावर तुही सही पाहिजे."

करार म्हणजे आमच्या गोंदियाच्या घराचा. आजोबांनी बांधलेलं, मातीच्या जाड भिंतींचं, कवेलूंचं घर. ते पाडून तिथे तीन मजले होणार. वारसांमध्ये माझंही नाव आहे. म्हणजे बघा, इथे मी दुसऱ्यांचं जुनं घर वाचावं म्हणून हळहळत होतो आणि खिशात स्वतःचं घर पाडायचं पेन!

गाडीत बसल्यावर विचार करत होतो. विदर्भ एक्सप्रेसचं एक टोक सीएसएमटी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची इमारत, १८७८ मध्ये काम सुरू झालं, १८८८ मध्ये पूर्ण झालं, २००४ पासून जागतिक वारसा. दुसरं टोक आमचं गोंदिया. गोंदिया वाढलं तेही रेल्वेमुळेच. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, पुढे जबलपूरची 'छोटी लाइन' आली आणि जंक्शन झालं. शाळेत असताना एका मित्राच्या जुन्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही मे महिन्याच्या दुपारी पत्ते खेळायचो, कारण तिथे कूलरशिवाय बसता यायचं. आता छोटी लाइन ब्रॉडगेज झाली. तिची इंजिनं बघायची तर नागपूरला मोतीबागेतल्या संग्रहालयात जायचं, जे २००२ मध्ये उघडलं. इंजिन एकदा रंगवून ठेवलं की झालं. घराचं तसं नसतं, घर दर पावसाळ्यात गळतं.

माझा मुद्दा तोच आहे. सीएसएमटी टिकली ती काही फक्त सुंदर आहे म्हणून नाही. तिथे रोज लाखो लोक येतात आणि गळलं तर दुरुस्त करायला रेल्वे आहे. घरांच्या गल्लीचं काय? ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने एकेक इमारत सोडून अख्खे भाग जपायला सुरुवात झाली. मुंबईत १९९५ मध्ये हेरिटेजचे नियम आले. ग्रेड एक, दोन, तीन. छान. पण त्याच मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवलेली. जुन्या भाड्यात घरमालकाला रंगाचा डबा तरी येईल का? एकीकडे उत्पन्न बंद, दुसरीकडे जमिनीला सोन्याचा भाव, आणि वर आपण सांगणार, 'काका, व्हरांडा तसाच ठेवा हं, फार फोटोजेनिक आहे.'

यावर उत्तर म्हणून टीडीआर आहे. म्हणजे वारसा म्हणून इथे बांधता येत नाही तर तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायचा. कल्पना चांगली आहे, पण पैसा एकदाच मिळतो आणि दुरुस्ती कायमची. शिवाय हे गणित चालतं ते जिथे बांधकामाच्या हक्काला भाव आहे तिथे. गोंदियात कोण घेणार तो?

आपल्या धंद्यात हे सगळ्यांना पटकन कळेल. जुनी सिस्टीम चालू ठेवा, एक ओळ बदलू नका, पण मेन्टेनन्सचं बजेट शून्य, असं क्लायंट म्हणाला तर आपण काय सांगू? ती सिस्टीम जपायची नाहीये, फक्त पडायची वाट बघायची आहे, असंच ना? माझं मत सरळ आहे. ज्याला घर जपलेलं हवंय त्याने खर्चात वाटा उचलावा. सरकारला हवं असेल तर घरपट्टी माफ करावी, दुरुस्तीला दरवर्षी पैसे द्यावेत. आणि छोट्या गावांत सुरुवात रेल्वेने करावी. जुनी क्वार्टर्स तिचीच, इंजिनिअर तिचेच, भाडेकरूंचं भांडणही नाही.

गोंदियाला पोचलो. बाबा अंगणात कवेलूंचे तुकडे गोळा करत होते. माकडांनी रात्री धुडगूस घातलेला. मी हे सगळं भाषण त्यांना ऐकवलं आणि म्हणालो, "कवेलू फेरायचा खर्च मी देतो."

"पैसे देशील रे," ते म्हणाले, "पण फेरनारा मानूस कुठून आनशील? आन राहाले कोन येनार? तू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. मी पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरतोय. टीडीआर असो की घरपट्टीची माफी, या प्रश्नापुढे सगळं थांबतं. घर पैशाने उभं राहतं, पण टिकतं ते आत कोणी चूल पेटवली तर.

शेवटी तोड निघाली ती इतकीच. करार एक वर्ष पुढे. या पावसाळ्याआधीचा छपराचा खर्च माझा, माणूस शोधायचं कामही माझं. तीन दिवस फोन फिरवून तिरोड्याचे एक म्हातारे मिस्त्री मिळाले. त्यांनी हातात घेऊन एकेक कवेलू टिचकीने वाजवून बघितलं, फुटकी बाजूला काढली. मी खाली उभा राहून चांगली वर देत होतो.

फोटो काढायचं मात्र राहूनच गेलं.