नंबर टाकलेले दगड

गोसीखुर्दची स्टडी टूर झाली की आपल्या रिपोर्टात काय येतं? ११.३५ किलोमीटर लांबीचं धरण, ३३ दरवाजे, १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. व्हायव्हाला एवढं पुरतं. वैनगंगेच्या पाण्याखाली गावं गेली, त्यांच्यासोबत देवळं गेली, पार गेले. ते सगळं 'बुडीत क्षेत्र' या दोन शब्दांत संपतं.

आता जरा लांबचं सांगते. स्पेनमध्ये मिन्यो नदीकाठी पोर्तोमारिन नावाचं छोटं गाव आहे. तिथलं सॅन निकोलासचं चर्च रोमनेस्क शैलीचं. जाड भिंती, अर्धगोल कमानी, लांबून बघितलं तर किल्लाच वाटावा! १९६० च्या दशकात बेलेसार धरणात जुनं गाव बुडालं. पण त्याआधी चर्चच्या दगडांवर नंबर टाकून ते उतरवलं आणि वर टेकडीवर पुन्हा जोडलं. काही दगडांवर ते नंबर अजून दिसतात. सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरू आजही तिथे थांबतात. मी कॉन्व्हेंटची, म्हणून मला चर्चचं कौतुक, असं रूममेट म्हणते. म्हणू दे!

कारण आपल्याकडचं उदाहरण बघा. उजनी धरणात पळसदेवचं जुनं दगडी मंदिर आहे. भीमेचं पाणी खूप उतरलं की ते वर येतं, लोक बघायला जातात, पेपरात फोटो येतो. पाऊस पडला की पुन्हा गडप. आणि हेमाडपंती बांधणी म्हणजे बिनचुन्याची, दगडात दगड बसवलेली. सुटी करून पुन्हा जोडायला याहून सोयीचं काय असणार?

कुणी म्हणेल, आधी माणसांचं बघा. अगदी बरोबर, माणसं आधीच. पण नव्या गावठाणात सिमेंटचं देऊळ बांधलं की हिशेब मिटला, हे मला पटत नाही. देव उचलून नेता येतो, आजी ज्या पायरीवर टेकायची ती पायरी मागेच राहते.

आपल्या सर्व्हे कॅम्पला दरवर्षी तेच मैदान आणि तेच कॉन्टूर. त्याऐवजी टोटल स्टेशन घेऊन एखाद्या होऊ घातलेल्या धरणाच्या बुडीत गावात का जाऊ नये? जुन्या देवळाचा प्लॅन, सेक्शन, एकेका दगडाचा नंबर, सगळं कागदावर आणू. हलवायचं की नाही ते सरकार ठरवेल, पण ड्रॉइंगच नसेल तर हलवणार काय, कप्पाळ! सर, सिव्हिल थर्ड इयरची पोरं-पोरी तयार आहेत. गाडीचं तेवढं बघा.