प्रक्रिया सुलभ हवी. पण पडताळणीचा बळी नको

कुंभकोणम : कामकाज वेगवान करायचे असेल तर प्रक्रियेतील टप्पे कमी करावेत, असा सल्ला उद्योगांना नेहमी दिला जातो. मात्र नेमका कोणता टप्पा वगळायचा, हा खरा प्रश्न आहे. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १९०४ मध्ये स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचा २०१८ मधील अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

सायबर हल्लेखोरांनी त्या वर्षी ६ फेब्रुवारीला बँकेच्या ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेचा गैरवापर केला. दुबई, तुर्कस्तान आणि चीनमधील खात्यांकडे सुमारे २० लाख डॉलर वळवण्यासाठी तीन बनावट आदेश पाठवण्यात आले. पोचसंदेश छापणारा प्रिंटर निकामी केल्याने त्या दिवशी कोणालाही सुगावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी व्यवहारांचा नेहमीचा ताळमेळ घेताना प्रकार उघडकीस आला. दुबईकडे निघालेले पाच लाख डॉलर न्यूयॉर्कमधील मध्यस्थ बँकेतच अडवण्यात आले. एरवी वेळखाऊ वाटणारे ताळमेळाचे कामच येथे उपयोगी पडले.

त्याच महिन्यात उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील गैरव्यवहाराने याची दुसरी बाजू दाखवली. तेथे ‘स्विफ्ट’ आणि बँकेची मुख्य संगणक प्रणाली जोडलेली नव्हती; एकाच व्यवहाराची नोंद दोनदा करावी लागे. हमीपत्रांचे संदेश परदेशी गेले. मुख्य प्रणालीत मात्र त्यांची नोंदच झाली नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही यंत्रणा ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडण्याचे निर्देश बँकांना दिले. दुबार नोंद टळल्याने श्रम वाचतात आणि पळवाटही बुजते.

या दोन्ही प्रकरणांतून टप्प्यांमधील फरक स्पष्ट होतो. तीच माहिती पुन्हा लिहायला लावणारा टप्पा यंत्राकडे सोपवता येतो. एकाचे काम दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासण्याचा टप्पा मात्र वगळण्याऐवजी अधिक जलद करायला हवा. ताळमेळ दिवसातून अनेकदा झाला, तर हल्लेखोरांना एक रात्रही मिळणार नाही. लहान उद्योगांनाही हेच लागू होते. मालाची मागणी, स्वीकृती आणि देयकाची मंजुरी एकाच व्यक्तीकडे दिल्यास वेळ वाचतो, पण चूक पकडणारे कोणी उरत नाही. त्यामुळे कोणताही टप्पा रद्द करण्यापूर्वी त्यातून आजवर काय पकडले गेले, हे तपासणे गरजेचे ठरते.