पणजोबांच्या जमिनीवर आधी कोण होते?

अमेरिकन माणसाला इतिहास नाही, असे आपण मोठ्या ऐटीत म्हणतो. अडीचशे वर्षांचे राष्ट्र ते. आमच्या गावातली विहीरसुद्धा त्याहून जुनी! पण पणजोबांविषयी नावापलीकडे चार गोष्टी सांगा म्हटले, की आपल्यापैकी बहुतेकांची गाडी दुसऱ्याच वाक्याला अडते. उलट नेब्रास्कातला एखादा निवृत्त शिक्षक आपला पूर्वज छपराच्या गाडीतून पश्चिमेकडे कधी निघाला, कुठे जमीन धरली, घर केवढे बांधले, हे कागदानिशी सांगतो. या नादाचे मला कौतुक आहे. मात्र पूर्वज सापडला की त्याची आरती करायची एवढाच त्याचा उपयोग असेल, तर इतका खटाटोप कशाला, असेही मला वाटते.

कागदांची तिथे ददात नाही. १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव नोंदले जाऊ लागले. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे असे. हे कागद ७२ वर्षांनी सर्वांना खुले होतात. १८९० ची जनगणना मात्र आगीत सापडली आणि त्या पिढीचा माग काढणारे आजही हळहळतात. दुसरे मोठे घबाड म्हणजे होमस्टेड कायद्याच्या फायली. १८६२ साली लिंकनने सही केलेल्या या कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळे. अट एवढीच, की तिथे घर बांधून पाच वर्षे राहायचे आणि ती कसायची. ते सिद्ध करायला साक्षीदार आणावे लागत. त्यामुळे घर, विहीर, नांगरलेले एकर, सारे त्या फायलीत उतरले आहे.

अशा शोधात काय हाती लागते, हे पाहायला चार्ल्स इंगल्सचे उदाहरण घेऊ. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' या १९३५ सालच्या पुस्तकातले 'पा' ते हेच. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर ही त्यांची मुलगी. चार्ल्सचा थेट वंश १९६८ साली लॉराच्या मुलीबरोबर संपला. तरीही अभ्यासकांनी आणि हौशी वाचकांनी या माणसाचा माग आपल्याच आजोबांसारखा काढला.

पुस्तकातले पा कष्टाळू, हसतमुख, रात्री फिडल वाजवणारे. कॅन्ससच्या गवताळ माळावर ते स्वतःच्या हाताने घर बांधतात आणि पुढे सरकार वसाहतवाल्यांना हुसकावणार असे कळल्यावर सारे सोडून निघतात. वाचणाऱ्याचा जीव हळहळतो. कागद मात्र वेगळे बोलतात. १८६९ साली इंगल्स कुटुंब जिथे उतरले, ती जमीन ओसेज या आदिवासी जमातीची राखीव होती. होमस्टेड कायदा तिथे लागूच नव्हता. १८७० च्या जुलैत अमेरिकन संसदेने कायदा केला तो ओसेज लोकांना हलवण्याचा आणि ती जमीन वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलरने विकण्याचा. म्हणजे जायचे होते ते ओसेज लोकांना! १८७१ साली इंगल्स परत फिरले, त्यामागे विस्कॉन्सिनमधले घर विकत घेणाऱ्याने पैसे थकवले हेही कारण होते. त्या वेळी लॉरा चार वर्षांची होती. तिची आठवण म्हणजे बरीचशी घरात ऐकलेली गोष्ट.

मला सर्वांत बोलकी वाटते ती १८७० ची जनगणना. कॅन्ससच्या मॉन्टगोमेरी परगण्याच्या यादीत चार्ल्स, कॅरोलाइन आणि त्यांच्या मुली आहेत. अगदी नुकती जन्मलेली कॅरीसुद्धा. ओसेज नाहीत. कर न भरणाऱ्या आदिवासींना मोजायचे नाही, असा नियमच होता. पाहुण्यांची नावे सरकारदरबारी लागली आणि घरमालक यादीतून गळले. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीतही त्या प्रदेशात माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचे वाक्य होते. एका वाचकाच्या तक्रारीनंतर ते बदलले गेले आणि लॉराबाईंनी चूक मोकळेपणी मान्य केली.

२०१८ साली अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्याच्या पुरस्कारावरून लॉराचे नाव काढले. त्यावर बराच वाद झाला. पुरस्काराला नाव कोणाचे द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुस्तक मात्र मुलांच्या हातून काढून घेऊ नये. ते वाचून दाखवावे आणि शेजारी १८७० चा तो कायदा ठेवावा. चार्ल्स राबणारा, मायाळू बाप होता आणि दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय घर बांधणाराही होता. यातले एक सांगण्यासाठी दुसरे लपवावे लागत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे पेलते. घरातल्या मोठ्यांनाच ते जड जाते.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. युटातल्या वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्मही करून घेतली. मूळ पुरुषाचे नाव त्यांत सापडले की आपण धन्य होतो. पण तो गावात आला तेव्हा त्याला मिळालेले शेत आधी कोण कसत होते? त्याच्या लेकींची नावे कुठे गेली? पूर्वज शोधावा जरूर. पण त्याच्या नावावर बोट ठेवून थांबू नये. त्याच कागदावर कोणाचे नाव नाही, तेही पाहावे. तेवढे धैर्य नसेल, तर भिंतीवर हार घातलेला फोटो आहेच की!