मोफत ठेवीचा भरवसा

आपली कागदपत्रे, हिशेब आणि छायाचित्रे दुसऱ्याच्या हवाली करावीत आणि गरज पडेल तेव्हा ती जशीच्या तशी परत मिळावीत, ही अपेक्षा फार जुनी आहे. आता फरक पडला आहे तो एवढाच, की कोट्यवधी माणसे ही ठेव एक रुपयाही न मोजता, ज्यांच्याशी कधी बोलणेही झालेले नाही अशा कंपन्यांच्या स्वाधीन करीत आहेत. मोबाइलमधील फोटो आपोआप कुठेतरी साठवले जातात, खरेदीखताचा किंवा गुणपत्रिकेचा स्कॅन ई-मेलला जोडून ठेवला की काम भागते आणि जागा भरली की दुसरे खाते उघडता येते, अशी सवय घरोघरी रुळली आहे. या सोयीचे मोल कमी नाही. परंतु जिच्यावर एवढा भार टाकला जातो त्या सेवेवर किती विसंबावे, याचा विचार बहुधा ठेव गमावल्यानंतरच सुरू होतो.

क्लाउड स्टोरेज म्हणजे आपल्या फाइल इंटरनेटवरून दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांवर ठेवण्याची आणि कोणत्याही उपकरणावरून त्या पाहण्याची सोय. हे संगणक ज्या इमारतींत असतात त्यांना डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपल्या व्यावसायिक क्लाउड सेवांची केंद्रे सुरू केली. अशा केंद्राला जमीन, वीज, यंत्रे थंड ठेवण्याची व्यवस्था, नादुरुस्त डिस्क बदलणारी माणसे आणि चोवीस तास पहारा लागतो, म्हणजे प्रत्येक फोटो सांभाळण्याचा काही ना काही खर्च कोणाला तरी रोज करावा लागतो. म्हणून मोफत सेवेची पारख करताना किती जीबी मिळतात हे विचारण्याआधी हा खर्च कोण सोसतो आणि कशासाठी, हे विचारायला हवे.

या प्रश्नाचे महत्त्व नाशिककरांना आपल्याच गावात पाहता येते. पंचवटीतील आणि त्र्यंबकेश्वरातील तीर्थपुरोहितांनी यजमानांच्या वंशावळीच्या वह्या, म्हणजे नामावळी, पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत. गाव आणि आडनाव यांवरून यजमान कोणत्या घराचा हे ठरते. श्राद्धादी विधींसाठी किंवा सिंहस्थात आलेला माणूस आपले नाव-गाव सांगतो, गुरुजी त्या गावची वही काढतात, आणि आजोबा-पणजोबा कधी आले होते, त्यांच्यासोबत कोण होते, याची नोंद समोर येते. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असतात, आणि नव्याने आलेल्याने आपली, भावांची व मुलाबाळांची नावे लिहून खाली सही करायची, असा रिवाज आहे. या नोंदी सांभाळण्यासाठी यजमान वेगळे भाडे देत नाही, म्हणजे एका अर्थाने ही साठवणही मोफतच आहे. तरीही ती टिकली, कारण वही गेली तर त्या यजमानाशी असलेले नाते जाते आणि त्याबरोबर पुरोहिताच्या उपजीविकेचा आधारही जातो. ठेव राखण्यात राखणाऱ्याचेच हित गुंतलेले असणे हा भरवशाचा पाया आहे. त्याने मोबदला घेतला की नाही, हा मुद्दा त्यानंतरचा.

याच वह्यांमध्ये दुसरा धडाही आहे. हाताने लिहिलेली वही एकच असते आणि ती एकाच घरात असते. गोदावरीला १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ साली आलेले मोठे पूर, घरांच्या वाटण्या, वाळवी आणि आग यांपुढे एकुलत्या प्रतीचा टिकाव राखणाऱ्याच्या निष्ठेवर नव्हे, तर नशिबावर अवलंबून राहतो. सांभाळणाऱ्याचे हित आणि प्रतींची संख्या या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय कोणत्याही साठवणीला विश्वासार्ह म्हणता येत नाही.

मोफत जागा देण्यात कंपन्यांचे हित कशात असते, हे त्यांच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते. बहुतेक ठिकाणी मोफत जागा हे पुढच्या विक्रीचे आमिष असते: ग्राहक वळवायचा, त्याचा संग्रह वाढू द्यायचा आणि जागा अपुरी पडली की पैसे मागायचे. यात लबाडी आहे असे नव्हे, परंतु आमिष किती ठेवायचे हे देणारा केव्हाही बदलू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हने २०१५ साली आपली मोफत मर्यादा १५ जीबीवरून ५ जीबीवर आणत असल्याचे जाहीर केले. छायाचित्रांसाठी २०१३ पासून १ टीबी, म्हणजे सुमारे हजार जीबी, मोफत देणाऱ्या फ्लिकरने २०१९ साली विनामूल्य खात्यांना एक हजार छायाचित्रांची मर्यादा घातली. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली; मात्र त्या तारखेपूर्वी त्या सवलतीत चढवलेली छायाचित्रे मर्यादेत मोजली जाणार नाहीत, असे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले होते, हेही नमूद केले पाहिजे. शिक्षणसंस्थांना गूगलने दिलेली अमर्याद जागासुद्धा २०२२ पासून प्रत्येक संस्थेसाठी सामाईक १०० टीबीवर आली, आणि व्याख्यानांच्या चित्रफिती निर्धास्तपणे साठवत गेलेल्या महाविद्यालयांना आवराआवर करणे भाग पडले.

काही सेवा तर समूळ बंद झाल्या. याहूच्या जिओसिटीजवरील वैयक्तिक पाने २००९ साली गेली. भारतात एकेकाळी कमालीचे लोकप्रिय असलेले ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले आणि त्याबरोबर असंख्य मराठी समूहांतील गप्पा व ओळखी संपल्या. उबंटू वन ही मोफत ५ जीबी देणारी सेवाही त्याच वर्षी थांबली. ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंद झाले. यांपैकी बहुतेकांनी पूर्वसूचना दिली होती, परंतु ती सूचना ज्या ई-मेल पत्त्यावर आली तो पत्ता उघडून पाहणारे कोणी उरले नसेल, तर सूचना असून नसल्यासारखीच. कंपनी मोठी आहे म्हणून तिची प्रत्येक सेवा दीर्घायुषी असेल, हा समज या यादीपुढे टिकत नाही. जी सेवा कंपनीच्या मुख्य व्यवसायाशी जोडलेली आहे तिचे आयुष्य अधिक आणि जी बाजूला पडलेली आहे तिचे कमी, असा अंदाज मात्र बांधता येतो.

आज भारतात या प्रश्नाला नवी धार आली आहे. एअरटेलने मे २०२५ मध्ये आपल्या पोस्टपेड व वायफाय ग्राहकांना गूगल वनची १०० जीबी जागा सहा महिन्यांसाठी, तर जिओने ऑक्टोबर २०२५ मध्ये पात्र ग्राहकांना गूगलची २ टीबी जागा असलेली योजना अठरा महिन्यांसाठी विनामूल्य देऊ केली. मुदत संपल्यावर काय होते, हे येथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. समजा, निफाडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराने या जागेत बागेचे फोटो, फवारणीच्या नोंदी, निर्यातीसाठी केलेल्या कीटकनाशकांच्या उर्वरित अंश तपासणीचे अहवाल आणि व्यापाऱ्याच्या पावत्या असे मिळून ४० जीबी साठवले आणि मुदतीनंतर योजना विकत घेतली नाही, तर त्याचे खाते पुन्हा मूळच्या १५ जीबीवर येते. फाइल त्या दिवशी पुसल्या जात नाहीत. परंतु नवे काही चढवता येत नाही आणि जीमेल त्याच १५ जीबीत मोजले जात असल्याने ई-मेल पाठवणे व येणे दोन्ही थांबते. हीच स्थिती दोन वर्षे राहिली तर गूगलच्या नियमानुसार सर्व मजकूर काढून टाकला जाऊ शकतो. जे वैयक्तिक खाते दोन वर्षे मुळीच वापरले गेले नाही त्यालाही असाच नियम लागू आहे, आणि त्यानुसार खाती काढण्यास डिसेंबर २०२३ पासून सुरुवात झाली. वारलेल्या वडिलांच्या खात्यातील फोटो अशा रीतीने कोणाच्याही लक्षात न येता जाऊ शकतात.

येथे दोन संकल्पनांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. टिकाऊपणा म्हणजे साठवलेली फाइल यंत्राच्या दोषामुळे नष्ट न होण्याची शक्यता; उपलब्धता म्हणजे मालकाला ती हवी तेव्हा मिळण्याची शक्यता. मोठ्या सेवा प्रत्येक फाइलच्या अनेक प्रती ठेवतात, त्यामुळे त्यांचा टिकाऊपणा घरच्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो; ॲमेझॉनची एस-थ्री ही व्यावसायिक सेवा वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा राहील अशा बेताने रचलेली आहे. परंतु फाइल सुखरूप असूनही मालक बाहेर अडकला, तर या आकड्याचा त्याला उपयोग नाही. गुजरातमधील एका अभियंत्याचे गूगल खाते २०२३ साली त्याच्याच बालपणीच्या एका छायाचित्रावर यंत्रणेने आक्षेप घेतल्यामुळे बंद झाले, व्यवसायाचा ई-मेलही हातून गेला आणि त्याला उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. यापेक्षा साधे कारण म्हणजे मोबाइल क्रमांक: बंद केलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि ज्याने खात्यातील जुना क्रमांक बदललेला नाही त्याचा ओटीपी परक्या हातात पडतो.

कायद्याच्या बाजूनेही मोफत वापरणाऱ्याचे पारडे हलके आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतून विनामूल्य दिलेली सेवा वगळलेली आहे, आणि या कंपन्यांच्या अटींमध्ये सेवा 'आहे त्या स्थितीत' दिली जात असून नुकसानीची जबाबदारी मर्यादित असल्याचे लिहिलेले असते. महिन्याला थोडी रक्कम भरणाऱ्याचे सगळे प्रश्न सुटतात असे नाही, पण ग्राहक म्हणून उभे राहण्याचा हक्क तरी त्याच्यापाशी असतो.

सरकारी सेवांचा विचार वेगळा करावा लागतो. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये दोन प्रकारचे दस्तऐवज असतात आणि त्यांची गल्लत करू नये. वाहन परवाना किंवा गुणपत्रिका जेव्हा संबंधित खात्याने वा मंडळाने जारी केलेल्या स्वरूपात तेथे दिसते तेव्हा ती मूळ नोंदीतून आलेली असते आणि कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जाते. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र केवळ प्रत असतो आणि त्यासाठी मिळणारी जागा १ जीबी आहे. सातबाऱ्याचेही तसेच: डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून थोडे शुल्क भरून पुन्हा काढता येतो, म्हणून त्याचा स्कॅन हरवला तरी बिघडत नाही, परंतु आजीचे पत्र किंवा लग्नाची चित्रफीत पुन्हा कोणतेही खाते देणार नाही. तरीही सरकारी यंत्रणा म्हणून डोळे मिटून विसंबणे योग्य नव्हे. दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि अधिकाऱ्यांच्या फाइल ठेवण्यासाठी असलेली, ८५८ टीबी मजकुराची यंत्रणा दुसरी प्रत नसल्याने कायमची नष्ट झाली. याउलट, मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे क्लाउड खाते गूगलच्याच चुकीने पुसले गेले, तेव्हा निधीने दुसऱ्या कंपनीकडे राखलेल्या प्रतींचाही आधार मिळाला आणि कारभार पुन्हा उभा राहिला.

या सर्वांवरून पारखण्याचे निकष निघतात. सेवा देणाऱ्याचे उत्पन्न कशावर चालते आणि ही साठवण त्याला का हवी आहे, हे पाहावे. न वापरलेल्या खात्याबद्दल, भरलेल्या जागेबद्दल आणि सेवा बंद करण्याच्या सूचनेबद्दल अटींत काय लिहिले आहे, ते वाचावे. आपला सर्व संग्रह एकगठ्ठा बाहेर काढण्याची वाट आहे का, हे प्रत्यक्ष करून पाहावे. गूगलमध्ये टेकआउट नावाने ही सोय २०११ पासून आहे, आणि ज्या सेवेत अशी वाट नाही ती कितीही जागा देत असली तरी टाळावी. सिंक आणि बॅकअप यांतील फरकही ओळखावा: सिंक म्हणजे सर्व उपकरणांवर सारखीच स्थिती राखणे, त्यामुळे एका ठिकाणी पुसलेला फोटो सगळीकडून पुसला जातो, तर बॅकअप म्हणजे मूळ प्रतीला काहीही झाले तरी शाबूत राहणारी वेगळी प्रत. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो पुसल्यावर ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि नंतर जातो, म्हणून फोनमधील जागा मोकळी करताना हा भेद विसरल्यास नुकसान भरून निघत नाही.

मोफत क्लाउड सेवा दुसरी प्रत म्हणून उत्तम आहे, एकमेव प्रत म्हणून मुळीच विश्वासार्ह नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, सामान्य कुटुंबालाही पाळता येतो: एक प्रत फोनमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडमध्ये. ज्या घरात हे अद्याप झालेले नाही त्या घरातील जाणत्या माणसाने या आठवड्यात खात्यातील मोबाइल क्रमांक तपासावा, पुन्हा न मिळणारे फोटो आणि कागद एका हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि त्यातील एखादी फाइल उघडते आहे की नाही, याची स्वतः खातरजमा करावी.