खिशातला चाकू : मिरवायचा की वापरायचा?

मटेरियल सायन्सच्या व्हायवाला "आयर्न-कार्बन डायग्राम काढ" म्हटलं की आपण डोळे मिटून काढतो. ०.८ टक्के कार्बन कुठे, ७२७ अंशांची रेष कुठे, मार्टेन्साइट कसं तयार होतं, सगळं तोंडपाठ! आणि तोच विद्यार्थी बाजारात चाकू घ्यायला उभा राहिला की बघतो काय? तर पातं काळं आहे का, मुठीवर ड्रॅगन आहे का, आणि बटण दाबल्यावर 'खट्' असा आवाज येतो का! पोलादाबद्दल एक अक्षर विचारत नाही. असा चाकू दोन दिवस रूमवर सगळ्यांच्या हातातून फिरतो आणि तिसऱ्या दिवशी भेळेसाठी टोमॅटो कापायला घेतला की टोमॅटोचा लगदा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. बाहेर हिंडणाऱ्या, हाताने काम करणाऱ्या माणसाजवळ चाकू असण्यात वाईट काही नाही. पण तो अवजार म्हणून निवडावा, शस्त्र म्हणून नव्हे. हा फरक नुसता शब्दांचा नाही. पातं केवढं, पोलाद कोणतं, चाकू कुठे न्यायचा आणि कुठे अजिबात न्यायचा नाही, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

तसं पाहिलं तर आपल्या जिल्ह्याला पात्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्या धंद्यात माणसांची मोजणीच 'कोयत्या'वर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो तीही कोयत्याच्या हिशेबाने. ज्याचं पोट पात्यावर आहे, तो मूठ किती दिसायला भारी आहे हे बघत बसत नाही. तो लोहाराला एकच गोष्ट विचारतो, "पाणी नीट दिलंय ना?"

हा प्रश्न म्हणजे चाकू निवडण्याचं अर्धं शास्त्र आहे. पाणी देणं म्हणजे आपल्या पुस्तकातलं क्वेंचिंग. गावचा लोहार किंवा रस्त्याकडेला पाल ठोकून भाता लावणारा घिसाडी गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेतो. हे स्प्रिंगचं पोलाद, त्यात साधारण अर्धा ते ०.६ टक्के कार्बन असतो. तो तुकडा लालभडक तापवून, ठोकून, घडवून, शेवटी धारेचा भाग पाण्यात किंवा तेलात बुडवतो. पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा हलकी ऊब देऊन ताण काढायचा, ते आपलं टेम्परिंग. त्याच्याकडे थर्मोकपल नसतं. तो रंगावरून तापमान ओळखतो आणि पिवळसर झाक आली की थांबतो. आपण जे परीक्षेत लिहितो ते तो रोज करतो.

आता दुकानातल्या चाकूकडे या. पात्यावर 'स्टेनलेस' असा शिक्का दिसला की लोक खूश होतात. पण स्टेनलेस म्हणजे इतकंच, की त्यात निदान साडेदहा टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त क्रोमियम आहे आणि तो सहजी गंजणार नाही. धारेबद्दल तो शिक्का काहीच सांगत नाही. जेवणाचा चमचाही स्टेनलेसच असतो, म्हणून त्याने कोणी दोरी कापत नाही! धार टिकते ती कार्बन आणि पाण्यावर. चांगल्या रोजच्या चाकूची कठीणता रॉकवेल सी मोजपट्टीवर साधारण ५५ ते ५८ च्या दरम्यान असते. त्याहून मऊ पातं लवकर बोथट होतं. फार कडक केलं तर धारेचे टवके उडतात आणि साध्या दगडावर धार लावणंही जड जातं. कंपनी पोलादाचं नाव आणि कठीणता सांगत असेल तर ती नीट वाचा. काहीच सांगत नसेल तर त्यातूनही काय ते समजा.

दुकानात रॉकवेल मशीन कुठून आणणार? मग घरी आणल्यावर कानशीची परीक्षा करा. मुठीजवळ, जिथे धार सुरू होते तिथे, कानस हलकेच फिरवा. कानस सहज चावली तर पोलाद मऊ, घसरत गेली तर पाणी बरं दिलंय.

स्टेनलेस घ्यावं की साधं कार्बनचं? कार्बनच्या पात्याला धार पटकन लागते आणि छान लागते. पण लिंबू, कांदा, पेरू कापला की ते काळवंडतं आणि ओलं राहिलं तर गंजतं. वापरून झाल्यावर पुसायची आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायची सवय असेल तर जरूर घ्या. ज्याचा टॉवेल आठवडाभर दोरीवरच असतो, त्याने आपलं स्टेनलेस घ्यावं!

आता आकार. आपली कामं काय असतात ते आधी लिहून काढा. एनएसएसच्या शिबिरात सुतळी आणि गोण्या कापणं, सर्व्हे कॅम्पला खुंट्या तासणं, शेतावर ठिबकची नळी कापणं, वाटेत काकडी-पेरू चिरणं. यातल्या एकाही कामाला अडीच-तीन इंचांपेक्षा मोठं पातं लागत नाही. धार साधी, सरळ असावी. करवतीसारख्या दात्यांना घरी सहज धार लावता येत नाही. पात्याची पाठ फार जाड नको, नाहीतर काकडी कापली न जाता फाटते. मूठ ओल्या हातातही निसटू नये.

घडीचा चाकू असेल तर सांधा तपासा. पातं उघडून बाजूने हलकेच हलवा. डुगडुगलं तर परत ठेवा. साध्या स्प्रिंगच्या चाकूत पात्याला कुलूप नसतं, त्यामुळे टोकाने भोसकायला किंवा कोरायला गेलात तर तो बोटांवर मिटू शकतो. जोर लावायची कामं असतील तर लॉकचा घ्या, आणि लॉक खरंच पकडतो का ते दुकानातच बघा. बोट कापल्यावर कॅम्पवरून दवाखाना गाठायला किती वेळ लागतो हे जरा आठवा.

जगात नाव झालेले चाकू बघितले तर तेही असेच साधे. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल १८९० चा. लाकडी मूठ, एक पातं, बस्स. पातं अडकवणारी कडी त्याला १९५५ मध्ये आली. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये तो प्रसिद्ध ऑफिसर चाकू नोंदवला. त्याच्या, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सच्या, पात्याची कठीणता ५६ रॉकवेलच्या आसपास, म्हणजे मध्यमच. एक शेतकऱ्याच्या खिशातला, दुसरा सैनिकाच्या, आणि दोन्हींवर ड्रॅगन नाही.

इथपर्यंत सगळं गोड. आता कडू भाग, कारण तोच कोणी सांगत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना चाकू हवा असतो तो ट्रेकसाठी, आणि आपला ट्रेक म्हणजे अकोले तालुका : कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, सांदण दरी. हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. आणि त्या कायद्याच्या 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट आहे. तो शिकारीसाठी आहे की काकडीसाठी, हा खुलासा आपण करत बसायचा. तेव्हा ज्या डोंगरासाठी चाकू घ्यायचा, त्याच डोंगरावर तो न्यायचा नाही! काकडी-टोमॅटो हॉस्टेलवरून चिरून डब्यात न्या, किंवा गडावर गावकऱ्यांकडून विकत घ्या. त्यांनाही चार पैसे मिळतील. आणि सांदणमध्ये रॅपलिंग करताना ताणलेल्या दोराजवळ पातं नसलेलंच बरं. भार असलेला दोर नुसत्या स्पर्शानेही तुटू शकतो.

दुसरा कायदा शस्त्रास्त्रांचा, १९५९ चा. त्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. मग आपला तीन इंची चाकू कुठेही चालेल? नाही. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकूही असतो. विमानाच्या हँडबॅगेतही तो चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे आपलं हॉस्टेल. इथे भांडणं होतात, नाही असं नाही. पाण्यावरून, मॅचवरून, सीनियर-ज्युनियरवरून. हातघाईवर आलेलं भांडण दुसऱ्या दिवशी चहावर मिटतं. पण त्या क्षणी खिशात पातं असेल तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये कापणाऱ्या हत्याराने साधी दुखापत केली तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डिग्री, प्लेसमेंट, पासपोर्ट, सगळं एका मिनिटाच्या रागापायी. शिवाय ज्याला लागलं तो आपलाच वर्गमित्र. पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द पेपरात आला तेव्हा खरं वाईट वाटायला हवं ते ऊसतोड्यांना. त्यांचं पोटाचं अवजार कोणीतरी दहशतीचं केलं.

म्हणून स्टाफला आणि मित्रांना मिळून एक सुचवावंसं वाटतं. चाकू रूममध्ये ठेवूच नये. नावाची चिठ्ठी लावून रेक्टरच्या कपाटात द्यावा आणि शिबिराला, साइटला जाताना सही करून घ्यावा. जो चाकू रेक्टरना दाखवायला लाज वाटेल, तो घेऊच नये. निवडीची यापेक्षा सोपी कसोटी नाही! आणि वर्कशॉपच्या सरांनी स्मिथीच्या जॉबबरोबर धार लावायचंही एक प्रॅक्टिकल घ्यावं : दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांचा कोन, आधी खरखरीत दगड, मग बारीक. ज्याला धार लावता येते त्याला पात्याची किंमत कळते, आणि तो ते उगाच कोणासमोर नाचवत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल तेव्हा ड्रॅगन राहू द्या बाजूला. लोहाराला विचारतात तोच प्रश्न विचारा : पाणी नीट दिलंय का? आणि दुसरा स्वतःला विचारा : माझं काम काय आहे? दोन्हींची उत्तरं मिळाली तर घ्या. नाहीतर त्या पैशात एक चांगला टॉर्च येतो. तो कुठेही नेता येतो!